कुठले देशमुख? देशमुख आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात कुणी "मी देशमुख" असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठले देशमुख?" हा प्रश्न उगाच पडलेला नाही. नुसत्या देशमुख या आडनावावरून ना जात कळते, ना कुळी, ना भाऊबंदकी. गाव आणि मूळ आडनाव कळलं तरच माणूस कळतो. खालची उत्तरं हे डोक्यात ठेवून वाचावीत.

देशमुख हे आडनाव आहे की पदवी?

मुळात हे वतनाचं, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काच्या हुद्द्याचं नाव. 'देश' म्हणजे इथे परगणा, आणि 'मुख' म्हणजे त्याचा प्रमुख. गावाला पाटील, तसा अनेक गावांच्या परगण्याला देशमुख. काम वंशपरंपरेनं चालायचं, म्हणून पुढच्या पिढ्यांनी तेच आडनाव लावलं. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले ही आडनावंही अशीच कामावरून आली. म्हणूनच बीडचे एक देशमुख आणि नांदेडचे दुसरे देशमुख यांचा रक्ताचा काडीचाही संबंध नसू शकतो. दोघांचे पूर्वज एकच हुद्दा सांभाळत होते, एवढंच.

देशमुखाचं काम नेमकं काय असायचं?

परगण्यातल्या पाटलांकडून सारा वसूल करून सरकारात भरणं, पडीक जमीन लागवडीखाली आणणं, नवी वस्ती बसवणं, वतनाच्या तंट्यात गोतसभेत, म्हणजे निवाडा करणाऱ्या पंचायतीत बसणं आणि वेळ पडली तर शिबंदी, म्हणजे पदरची फौज घेऊन उभं राहणं. बदल्यात वसुलातला ठरलेला हिस्सा मिळे, त्याला रुसूम किंवा हक्क म्हणत. शिवाय इनाम जमीन आणि मानपान. रुसुमाचं प्रमाण परगण्यागणिक वेगळं असे, त्यामुळे एका सनदेतला आकडा दुसऱ्या घराण्याला लावू नये.

वरचं राज्य बदलत राहिलं. अहमदनगरची निजामशाही गेली, मुघल आले, मग मराठे आणि आसफजाही, म्हणजे हैदराबादचे निजाम. देशमुख मात्र बहुतेक ठिकाणी जागेवरच राहिला, कारण कुठल्या शिवारात काय पिकतं आणि कोण किती भरू शकतं हे त्यालाच ठाऊक असे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे जिजाबाईंचे वडील. तेही त्या परगण्याचे देशमुख होते. १६२९ मध्ये देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात त्यांची हत्या झाली. देशमुखी किती मोठी आणि किती धोक्याची असू शकते, हे त्यावरून दिसतं.

देशपांडे, देसाई, चौधरी आणि सरदेशमुख यांत फरक काय?

देशपांडे हा परगण्याचा हिशेबनीस. गावात पाटील-कुलकर्णी, तशी परगण्यात देशमुख-देशपांडे ही जोडी. कोकणात, कर्नाटकाच्या बाजूला देशमुखालाच देसाई म्हणत. मुघल दफ्तरात उत्तरेकडचे शब्द येतात: देशमुखाला चौधरी, देशपांड्याला कानूनगो. फारसी कागदात 'चौधरी' दिसलं म्हणून तो दुसऱ्याच घराण्याचा समजून बाजूला टाकू नका, आधी परगणा जुळतो का ते पाहा.

सरदेशमुख म्हणजे अनेक देशमुखांवरचा. सरदेशमुखी हा वसुलाच्या १० टक्क्यांचा हक्क मराठी सत्तेनं मागितला. चौथाई २५ टक्के, ती वेगळी. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांसाठी या दोन्हींच्या सनदा आणल्या. त्या सहांत औरंगाबाद आणि बीदर हे सुभे होते. घरात सरदेशमुखीचा उल्लेख असलेला कागद निघाला म्हणजे आपले पूर्वज सरदेशमुख होते असं नाही. वसुलाच्या कागदात तो शब्द नुसती एक बाब म्हणूनही येतो.

सगळे देशमुख मराठा असतात का?

नाही. मराठवाड्यात मराठा देशमुखांची घरं बरीच आहेत, पण ब्राह्मण, लिंगायत आणि मुस्लिम देशमुखही आहेत. ठाऊक असलेल्या मोठ्या नावांकडे पाहिलं तरी हे कळतं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन ब्राह्मण. रिझर्व्ह बँकेचे चिंतामणराव चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. सांगोल्याचे गणपतराव धनगर समाजातले. आडनाव एकच, घरं निरनिराळी.

आमचं देशमुखीआधीचं आडनाव कसं शोधायचं?

हाच प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात नेहमी आजच्या कागदापासून करून मागे जायचं. आधी सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढा. वारसाच्या फेरफारात बापाचं नाव, मुलांची नावं आणि मृत्यूची तारीख असते, तिथून वंशावळीची एकेक पायरी पक्की होते. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चं खासरा पहाणी पत्रक मागवा. मराठवाड्यात जमिनीच्या शोधाला हा कागद पायाचा दगड मानतात. त्यासोबत कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा.

लोक अडतात ते बहुतेक गट नंबरावर. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर लिहून खासरा पत्रकाची नक्कल मागितली तर "नोंद आढळून येत नाही" असा शेरा मारून अर्ज परत येतो. आधी भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांची जुळणी घ्या आणि अर्जात दोन्ही नंबर लिहा. गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका-जिल्हाही लिहा. आजचा लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होता, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत (परतूर मात्र परभणीत) आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. दफ्तर जुन्या जिल्ह्याच्या नावानं बांधलेलं असू शकतं.

दुसरी वाट तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गावावार आणि जातीवार चोपड्या असतात. तिथे गाव, तालुका, जात आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगितली की पूर्वी कोण कोणत्या विधीला आलं होतं याची नोंद सापडते, कधी खाली सहीसुद्धा. या नोंदींत मूळ आडनाव येण्याची शक्यता बरीच असते, कारण यजमान तिथे कुळीसकट नाव सांगे. तिसरी वाट भाटांची. त्यांची वंशावळ ऐकून घ्या, लिहून घ्या, पण जमिनीच्या कागदाशी ताडल्याशिवाय पक्की धरू नका.

मूळ आडनाव मिळालं की त्याचा उपयोग दिसतो. डॉ. पंजाबराव देशमुखांचं मूळ आडनाव कदम, लोकहितवादींचं सिद्धये. मराठवाड्यात आजही काही घरं 'कदम देशमुख', 'जाधव देशमुख' अशी जोडनावं लावतात. ती जपलेली बरी, दोन पिढ्यांनंतर तोच मोठा दुवा ठरतो.

मोडी कागदात 'देशमुख परगणे मजकूर' असं आहे. हे मजकूर गाव कुठे आहे?

असं गाव नाही. 'मजकूर' म्हणजे वर उल्लेख केलेला. परगण्याचं नाव कागदात आधीच आलेलं असतं, कधी पहिल्या ओळीत, कधी फाटून गेलेल्या डोक्यावर. 'मौजे मजकूर' म्हणजे तेच गाव. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'साकीन' म्हणजे राहणारा. आणखी एक लक्षात घ्या: जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. माणूस त्याच्या नावानं, बापाच्या नावानं आणि वतनानं ओळखला जाई.

कागदावरचं साल इसवी सनात कसं आणायचं?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मराठवाड्यातल्या कागदांवर तीन-चार पद्धतींची सालं सापडतात.

शके असेल तर ७८ मिळवा. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पुढे फाल्गुनापर्यंत ७९.

निजामाच्या राजवटीतलं फसली (महसुली) साल असेल तर ५९० मिळवा. शेवटच्या काळात हे साल आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस याच फसली सालात येतो.

सुहूर सन हा खरा फसवा. तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. मग दशक, मग शतक, आणि हजारासाठी 'अलफ'. 'खमस सितैन अलफ' म्हणजे ५, ६० आणि १०००, मिळून १०६५. हे साल मृगापासून, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. म्हणजे १०६५ हे इसवी १६६४-६५. हेच साल हिजरी समजून मोजलं तर १६५४-५५ येतं, आणि घराण्याचा इतिहास दहा वर्षं मागे सरकतो. कागदावरची तिथी, वार आणि महिना जुळवून पाहिला की चूक लगेच सापडते.

घरी जुन्या कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) निघाला आहे. आधी काय करावं?

आहे तसा ठेवा. घाई करून गुंडाळी ताणू नका, वर्षानुवर्षं दबलेला कागद घडीवर मोडतो. सावलीत, पंखा बंद ठेवून, कोरड्या हातानं एकेक कागद सोडा. प्रत्येकाला पेन्सिलनं बारीक क्रमांक द्या आणि रुमालातला क्रम बदलू नका, कारण एकाच तंट्याचे कागद एकत्र बांधलेले असतात. फोटो दोन्ही बाजूंचे घ्या. मागच्या बाजूला 'मोर्तब सूद' (कागद पुरा झाल्याची खूण), शिक्के, दफ्तराची नोंद असते आणि बरेच जण तीच सोडून देतात. फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो.

लॅमिनेशन अजिबात करू नका. गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, शाई पसरते आणि पुढे कुणालाच तो सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. कागद स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या पेटीत ठेवा. वाळवीसाठी पेटी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर असावी.

वाचून घ्यायचं असेल तर मोडी आणि उर्दू-फारसीचे जाणकार वेगवेगळे शोधा. राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. निजाम सरकारचं मोठं दफ्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे.

देशमुखाची मुलगी देशमुखाकडेच देता येते का?

येते, आणि तशा सोयरिकी कितीतरी होतात. पाहायचं असतं ते कुळी आणि देवक (कुळाचं पूज्य चिन्ह). मूळ आडनाव वेगळं, कुळी वेगळी, तर दोन्हीकडे देशमुख असूनही अडचण नाही. उलट एकाकडे देशमुख आणि दुसऱ्याकडे कदम आडनाव असूनही मूळ कुळी एकच निघाली, तर जुनी माणसं थांबवतात. म्हणून पत्रिकेआधी मूळ आडनाव विचारा.

देशमुख आडनावावरून जातीचा दाखला मिळतो का?

मिळत नाही. दाखल्याला आडनाव नव्हे, नोंद लागते: शाळेच्या रजिस्टरात, महसुली कागदात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत जातीच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. नोंद असलेला पूर्वज आणि अर्जदार यांच्यातला प्रत्येक दुवा वंशावळीत कागदानिशी दाखवावा लागतो. बहुतेक प्रकरणं मधल्या एका पिढीवर अडकतात: खासऱ्यात 'गणपती वल्द राणोजी', शाळेत 'गणपतराव राणोजीराव देशमुख'. दोन्ही माणसं एकच, हे वारसाच्या फेरफारानं जुळवून द्या. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आहे, त्यात गावपातळीवर चौकशी करणाऱ्या समितीची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी तो मुळातून वाचावा.

मराठवाड्यातले सर्वांना ठाऊक असलेले देशमुख कोण?

पहिलं नाव विलासराव देशमुखांचं. २६ मे १९४५ रोजी लातूरजवळच्या बाभळगावात जन्म. गावच्या सरपंचपदापासून सुरुवात करून ते १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८ असे दोनदा मुख्यमंत्री झाले. मांजरा साखर कारखाना आणि त्याभोवतीचं उसाचं अर्थकारण त्यांच्याच काळात उभं राहिलं. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं. दिलीपराव त्यांचे बंधू. अमित, रितेश आणि धीरज ही मुलं, त्यातले रितेश अभिनेते.

दुसरं नाव नानाजी देशमुखांचं, आणि ते मराठवाड्याचे आहेत हे इथल्याच अनेकांना माहीत नसतं. चंडिकादास अमृतराव देशमुख, जन्म ११ ऑक्टोबर १९१६, हिंगोली जिल्ह्यातलं कडोळी. १९७७ मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरमधून लोकसभेवर गेले. पुढे राजकारण सोडून चित्रकूटच्या परिसरात ग्रामविकासाचं काम उभं केलं. २७ फेब्रुवारी २०१० रोजी निधन, २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. कडोळीचं नाव शाळेच्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

हे दोघे एकमेकांचे नातेवाईक होते का, असंही विचारतात. नाही. एक लातूरकडचे मराठा, दुसरे हिंगोलीकडचे ब्राह्मण.

मराठवाड्याबाहेरचे नामवंत देशमुख?

स्पर्धा परीक्षेत हीच नावं एकमेकांत मिसळतात, म्हणून ओळखीच्या खुणा देतो.

चिंतामणराव म्हणजे सी. डी. देशमुख, जन्म १८९६, महाडजवळचं नाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९), नंतर केंद्रात अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. दुर्गाबाई देशमुख या त्यांच्या पत्नी, जन्म राजमहेंद्रीचा, तेलुगू भाषक, संविधान सभेच्या सदस्य. लग्न १९५३ मध्ये झालं, त्यामुळे संविधान सभेच्या काळात त्यांचं आडनाव देशमुख नव्हतं. लोकहितवादी (१८२३ ते १८९२) शतपत्रांचे लेखक. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे, सांगोल्यातून ११ वेळा आमदार. बुलढाण्याचे कादंबरीकार सदानंद देशमुख यांना २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे.

पंजाबराव देशमुखांचं कृषी विद्यापीठ परभणीला आहे ना?

ते अकोल्याला. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२. बियाणं किंवा शिफारशी मागवताना हा घोळ झाला की पत्र भलतीकडे जातं. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, जन्म २७ डिसेंबर १८९८. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खातं सांभाळलं. पीककर्जाची व्याज सवलत आणि वसतिगृह निर्वाह भत्ता या त्यांच्या नावाच्या राज्य योजना मराठवाड्यातही लागू आहेत.

तेलंगणातले देशमुख आपलेच का?

हुद्दा एकच, घराणी वेगळी. मराठवाडा आणि तेलंगण दोन्ही हैदराबाद संस्थानात होते. तिकडे रेड्डी आणि वेलमा घराण्यांकडे देशमुखी होती. ते देशमुख हे नावापुढे पदवी म्हणून लावत, आडनाव दुसरंच. १९४६ ते १९५१ च्या तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात 'देशमुख' हा शब्द जमीनदाराच्या अर्थानं येतो. तो वाचून आपल्याकडच्या सगळ्या देशमुखांचं चित्र मनात रंगवू नये.

वतन गेलं तेव्हा काय झालं? ते परत मिळतं का?

देशमुखीचे हक्क आता कुणालाच नाहीत. मुंबई राज्याच्या भागात परगणा वतनं १९५० च्या कायद्यानं गेली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळे इथे इनामं आणि रोख अनुदानं रद्द करणारा १९५४ चा हैदराबादचा कायदा लागतो. पुण्याकडचा वकील १९५० चा कायदा दाखवू लागला तर हे लक्षात आणून द्या. इनाम जमिनीचा वाद चालू असेल तर निजाम काळच्या अतियात (इनाम) खात्याचा मुंतखब, म्हणजे मंजुरीचा कागद शोधा. इनाम कुणाला, कशासाठी आणि किती मंजूर झालं हे त्यात असतं. नुसती सनद पुरत नाही.

गावातली देशमुखांची गढी ढासळते आहे. का?

पांढऱ्या मातीमुळे. गढीच्या भिंती खाली दगडाच्या आणि वर जाड पांढऱ्या मातीच्या. वरचं माळवद (मातीचं सपाट छत) शाबूत असेपर्यंत ती माती दगडासारखी टिकते. एकदा कडीपाटाची तुळई कुजली की पाणी थेट भिंतीच्या डोक्यात शिरतं, आणि एका जोरदार पावसात हातभर भेग खालपर्यंत जाते. त्यात लोक घराच्या माळवदावर टाकायला किंवा शेतात मिसळायला बुरुजाच्या पायथ्याची पांढरी उकरून नेतात. पाया पोकळ झाला की बुरूज बसतो. दुरुस्ती सिमेंटनं करू नका. सिमेंटच्या थराआड ओल अडकते आणि आतली माती भुसभुशीत होऊन पूर्ण पापुद्र्यासकट गळून पडते. वरून पाणी अडवणं, मातीनंच लिंपणं आणि पन्हाळ मोकळी ठेवणं एवढं दर उन्हाळ्यात केलं तरी भिंत उभी राहते. आवारात धान्याचं जुनं पेव (जमिनीतलं कोठार) असेल तर तोंडावर मजबूत झाकण टाका, आत उतरण्याआधी ते काही दिवस उघडं ठेवा आणि एकट्यानं कधीही उतरू नका. बंद पेवात गुदमरून माणसं गेली आहेत.

पाटील लावायचं की देशमुख? कागदोपत्री बदल कसा करावा?

घरात एका भावाच्या कागदावर पाटील आणि दुसऱ्याच्या देशमुख, असं मराठवाड्यात सर्रास आढळतं. मूल शाळेत असेल तर दहावीच्या आधी शाळेमार्फत दुरुस्ती करून घ्या, पुढे ती फार जड जाते. मोठ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. जुन्या नावाचा पुरावा, ओळखपत्र आणि फोटो तयार ठेवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा, कारण राजपत्रात छापलेली चूक काढायला पुन्हा अर्ज करावा लागतो. राजपत्र हाती आल्यावर आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी सातबारा, या क्रमानं गेलात तर कागद एकमेकांशी जुळत जातात.

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. 'कदम देशमुख' असं जोडनाव ठेवायचं असेल तर जन्माच्या नोंदीतच पूर्ण लिहा आणि शाळाप्रवेशाच्या अर्जावर तेच उतरवा.